बादलीतले कासव

देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. आपण त्याला नमस्कार करून पुढे जातो. कासव पाय आत ओढून घेते, तसे माणसाने मन आवरावे, ही त्यातली शिकवण. पण काही मंडळी जिवंत कासव विकत आणतात. कासव आले की पैसा येतो, अशी त्यांची समजूत.

आमच्या लालबागच्या चाळीत एका बिऱ्हाडी असेच कासव आले. तळहाताएवढे. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. त्याला पाण्याच्या बादलीत ठेवले. आम्ही पाहिले, पण बोललो नाही. चौथ्या दिवशी ते मेले. घरची बाई रडवेली झाली. म्हणाली, "गुरुजी, आम्ही लक्ष्मी म्हणून आणलं होतं हो!"

आम्ही म्हटले, "ताई, लक्ष्मी बादलीत कोंडून राहते का? पण चूक आमचीही. वेळेवर सांगितलं नाही."

म्हणून हा धडा.

याला तारा कासव म्हणतात. हा जमिनीवरचा जीव. त्याचे पाय हत्तीच्या पायासारखे. त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात ते बुडते. ते राहते कोरड्या, झुडपांच्या रानात. राजस्थान, गुजरात, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू ही त्याची ठिकाणे. गवत, पाला, फुले, फळे हे त्याचे खाणे. वाळलेल्या गवतात पाठीवरच्या रेघांमुळे ते चटकन दिसत नाही. ज्या चांदण्या त्याला रानात लपवतात, त्यांच्याचपायी माणूस त्याला पकडतो.

पाठ म्हणजे वर ठेवलेले झाकण नव्हे. कणा आणि बरगड्या तिला जोडलेल्या असतात. तिला स्पर्श कळतो. अंधाऱ्या खोलीत ऊन नाही, योग्य चारा नाही, तर हाडे आणि पाठ कमजोर होतात.

मादी वयात यायला बरीच वर्षे लागतात. एका वेळी अंडीही थोडीच. म्हणून रानातून नेलेल्या कासवांची जागा लवकर भरत नाही. चोरटे लोक पिशव्यांत कोंबून ती नेतात. वाटेत कित्येक मरतात. घरी आलेल्या एका कासवामागे असे मेलेले किती असतील?

1972 च्या वन्यजीव कायद्याने हे कासव पकडणे, विकणे, घरी पाळणे गुन्हा आहे. त्याला तुरुंग आणि दंड आहे. 2019 साली जिनिव्हा येथे अनेक देशांनी मिळून रानातल्या तारा कासवांच्या परदेशी व्यापारावर बंदी घातली.

मग कोणाकडे कासव दिसले तर काय करावे? बाणगंगेत किंवा तळ्यात सोडू नये. बुडून मरेल. बागेतही सोडू नये. वनखात्याला 1926 या क्रमांकावर फोन करावा. ते कासव कोणत्या रानातले, निरोगी आहे की नाही, हे जाणकार पाहतात आणि मगच पुढचे ठरवतात.

कोणी विकत घेतले नाही, तर कोणी पकडणार नाही. नमस्कार देवळातल्या कासवाला करावा. जिवंत कासव रानात राहू द्यावे.

प्रश्न
1. तारा कासव पाण्यात का ठेवू नये?
2. रानातली कासवे कमी झाली तर लवकर का वाढत नाहीत?
3. शेजारी कासव आणले तर तुम्ही काय सांगाल?