जुन्या घराची दुरुस्ती : हातोड्याआधी तपासणी

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. उभारणीच्या त्या दिवसांची आठवण ‘कैंप-१’ या नावात आजही टिकून आहे. अशा जुन्या वस्तीत मुलगा कमावता झाला, की सिमेंटचे पत्रे उतरवून स्लॅब टाकण्याचा विचार घरोघरी होतो. विचार योग्यच, परंतु आधी तपासणी हवी.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेपर्यंत ते सिमेंटमध्ये जखडलेले राहतात. तो फोडला, कापला किंवा त्याला भोक पाडले, की डोळ्यांना न दिसणारे हे तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जातात. त्यातून उद्भवणारा कर्करोग वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी प्रकट होतो. आज कोणी खोकत नाही म्हणून धोका नाही, असे मानणे हीच खरी चूक. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याविषयी निर्देश दिले. घरच्या छपरावर चढणाऱ्या मजुराची काळजी मात्र घरमालकानेच वाहावयाची असते.

नुसत्या नजरेने खात्री होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते. ती शक्य नसल्यास अ‍ॅस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे. सुस्थितीतील पत्रा उगाच हलवू नये. उतरवायचाच असल्यास अनुभवी माणसांकडून, पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अखंड उतरवावा. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, हेही विसरू नये. तोंडावरचा रुमाल येथे निरुपयोगी. योग्य प्रतीचा मास्कच हवा. चुरा कोरड्या झाडूने लोटू नये, ओल्या फडक्याने टिपावा. उतरवलेले पत्रे गोठ्यासाठी कोणाला देणे हे दान नव्हे, धोक्याचे स्थलांतर होय.

दारे-खिडक्यांवरील जुना ऑइल पेंटही संशयास्पद समजावा. घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग कोरडाच घासल्यास शिशाची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते.

कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात विटा, सळया, सिमेंट सारे असते. जुने पत्रे सुरक्षितपणे उतरवून विल्हेवाट लावण्याचा खर्च क्वचितच असतो. कर्ज मंजूर झाल्यावर तो आठवला, तर हटकून त्यालाच कात्री लागते. म्हणून गृहदुरुस्ती कर्जाच्या अर्जासोबतच तो स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावा.