भेटीची बरणी

बहुतेक मराठी घरांत फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर रिकाम्या बरण्यांची एक रांग उभी असते. त्यांतील एक जामची, दुसरी मधाची, तिसरी कॉफीची. एखादी इतकी जुनी, की तिच्यात प्रथम काय आले होते हे घरातील कोणालाच सांगता येत नाही. बाजारातून आणलेला जिन्नस संपला, तरी त्याची काच संपत नाही. म्हणून ती टाकून न देता घासूनपुसून वर ठेवली जाते. पाहुण्याला हा उगाच केलेला पसारा वाटतो. परंतु लेक सासरी निघते, मुलगा शिक्षणासाठी परगावी जातो किंवा शेजारीण आजारातून उठते, त्या दिवशी फळीवरची एक बरणी खाली उतरते आणि निराळ्याच एका जिन्नसाने भरून घराबाहेर पडते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुका लिंबांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. त्या तालुक्यातील एका गावात सातवीत शिकणारी एक मुलगी होती. आदल्या पावसाळ्यात तिच्या पोटात अकस्मात दुखू लागले आणि तिला पुण्यास नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. तेथे तिची आत्या राहत असे. नऊ रात्री आत्या तिच्या उशाशी बसून होती. मुलगी बरी होऊन घरी आली, शाळेतही जाऊ लागली. पण आत्याला आपण काहीतरी द्यावे, हा विचार तिच्या मनातून जाईना. खाऊच्या पैशांत विकत घेता येईल अशी एकही वस्तू तिला त्या नऊ रात्रींपुढे ठेवण्याजोगी वाटेना. शेवटी तिने ठरविले, की आत्याला लिंबाचे लोणचे आवडते, तर ते आपण आपल्या हातांनी घालावे.

थंडीचे दिवस होते. बागेत पातळ सालीची, पिवळी झालेली कागदी लिंबे हवी तेवढी होती. आजी दोन दिवसांसाठी लग्नाला गेली होती, आणि तिला नवल दाखवावे म्हणून मुलीने ती येण्यापूर्वीच काम उरकायचे मनात घेतले. घाई ही लोणच्याची पहिली वैरीण. पण हे तिला तेव्हा ठाऊक नव्हते. तिने लिंबे धुतली, चिरली, बिया काढल्या. मीठ घातले, ते अंदाजाने आणि जरा हात आखडूनच. कारण आत्याला फार खारट चालणार नाही, असे तिला वाटले. फळीवरची जामची बरणी तिने विसळली, उलटी करून झटकली आणि तळाशी दोनचार थेंब दिसत असतानाच फोडी आत भरल्या. झाकणाच्या आतल्या कडेला गंजाची बारीक रेघ होती, तीही तिने मनावर घेतली नाही.

बारा दिवसांनी वडील कामासाठी पुण्यास निघणार होते. आदल्या संध्याकाळी मुलीने मोठ्या उत्साहाने बरणी उघडली. वरच्या फोडींवर कापसासारखा पांढरा बुरा आला होता आणि मधोमध एक हिरवट ठिपका उमटला होता.

तिने चमचा घेतला आणि बुरा हळूच खरवडून काढला. खालच्या फोडी सोन्यासारख्या दिसत होत्या. आजी मागे केव्हा येऊन उभी राहिली, ते तिला कळलेच नाही.

“वरचं काढून टाकलं, आजी. खालचं अगदी चांगलं आहे.”

“चांगलं आहे ना? मग आज जेवताना तुझ्याच पानात वाढते.”

मुलगी काही बोलली नाही. तिने एकवार बरणीकडे पाहिले, मग चमच्याकडे पाहिले. थोड्या वेळाने तिने सगळे लोणचे परसात नेऊन खड्ड्यात पुरले. वडील दुसऱ्या दिवशी लोणच्यावाचूनच पुण्यास गेले. आजी तिला रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “बाळ, बरणी वाळवली होतीस का?”

या एका प्रश्नात लोणच्याचे सारे शास्त्र आहे. बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु हवेत, हातांवर आणि फळांच्या सालींवर ते सदैव असतात. त्यांना वाढण्यास ओलावा लागतो. मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढून घेते आणि सूक्ष्म जीवांना वापरता येईल असे पाणी फारसे शिल्लक ठेवत नाही. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल असते, तेही पुष्कळशा जंतूंना वाढू देत नाही. एक किलो लिंबांना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घालण्याचा जो प्रघात आहे, तो केवळ चवीसाठी नव्हे. मीठ कमी पडले आणि वर बरणीतले थेंब मिसळले, की ही तटबंदी ढासळते. मग जो बुरा वर दिसतो, तो बुरशीचा केवळ माथा असतो. तिचे तंतू न दिसता खोलवर गेलेले असतात आणि काही बुरशी अन्नात विषारी द्रव्येही सोडतात. म्हणून वरचा बुरा खरवडला, तरी खालच्या फोडी खाण्याजोग्या झाल्या असे होत नाही.

अन्न का नासते, हे माणसाला फार उशिरा समजले. पण ते टिकवावे कसे, हे त्याने त्याआधीच शोधून काढले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होता. त्या काळी फ्रेंच सैन्य देशोदेशी लढत होते आणि सैनिकांचे अन्न वाटेतच खराब होत असे. आपेरने रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्यांत भाज्या, फळे, मांस, दूध असे पदार्थ भरले, बुचांनी तोंडे घट्ट बंद केली आणि त्या बाटल्या पाण्यात ठेवून ते पाणी बराच वेळ उकळले. आतले पदार्थ महिनोन्‌महिने टिकले. सन १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला बारा हजार फ्रँकांचे बक्षीस दिले. मात्र आपली रीत त्याने छापून सर्वांना सांगावी, अशी अट घातली. त्याच वर्षी त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की आपली युक्ती का यशस्वी होते, हे खुद्द आपेरलाही सांगता येत नव्हते. पुढे सुमारे अर्ध्या शतकाने लुई पाश्चरने अन्न नासण्याचे कारण सूक्ष्म जीव हे होय, असे प्रयोगांनी दाखवून दिले, तेव्हा त्या उकळत्या पाण्याचा अर्थ कळला.

आपेरने काच निवडली, यात मोठे शहाणपण होते. काच मुख्यतः वाळू, सोडा आणि चुनखडी यांची बनते. हे मिश्रण सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वितळवावे लागते. एकदा तयार झालेली काच मिठाला दाद देत नाही, की लिंबाच्या आंबटपणाला. तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवलेले आंबट कळकते, लोखंड गंजते. काचेच्या बरणीत मात्र वर्षभर राहिलेल्या लोणच्याला काचेची चव लागत नाही. शिवाय काचेला सूक्ष्म छिद्रे नसतात, म्हणून ती नीट धुतली म्हणजे पहिल्या जिन्नसाचा वासही तिच्यात उरत नाही. तो उरतो झाकणात, आणि झाकण हेच जुन्या बरणीचे दुबळे अंग होय.

आपल्याकडेही काच बनविण्याचे काम मोठ्या जिद्दीने उभे राहिले. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा तरी द्यावा, अशी कल्पना मांडून पैसा फंड सुरू केला. लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले. घरोघरच्या त्या पैशांतून सन १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. पुढे सन १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि त्यांचे कंदील गावोगाव पोहोचले. ज्या काळी परदेशी काच विकत घ्यावी लागे, त्या काळी घरातील बाटली फुटणे ही लहान गोष्ट नव्हती. बरणी जपून ठेवण्याची आजीची सवय तिच्या आजीकडून आलेली होती.

आठवड्याभराने आजी आणि नात पुन्हा कामाला बसल्या. या वेळी आजीने हात लावायचा नाही, केवळ सांगायचे, असे ठरले. मुलीने मधाची जाड बरणी खाली काढली. तिचे प्लॅस्टिकचे झाकण धड होते. नाकाशी धरले तर त्याला कसलाही वास नव्हता. बरणीवरचा कागद कोमट पाण्यात भिजवून निघाला, पण डिंकाचा चिकटा राहिला. त्यावर खोबरेल चोळून ठेवताच तोही सुटला. मग एका पातेल्याच्या तळाशी फडके अंथरून त्यावर बरणी ठेवली आणि ती बुडेल इतके थंड पाणी ओतून पातेले मंद आचेवर चढविले.

“उकळतं पाणीच ओतलं, तर वेळ वाचेल की,” मुलगी म्हणाली.

“वेळ वाचेल, पण बरणी वाचणार नाही.”

आजीने कारण सांगितले नाही. ते मुलीने शाळेत विचारले. काचेतून उष्णता सावकाश जाते. थंड बरणीत एकदम उकळते पाणी पडले, की आतला थर तत्काळ प्रसरण पावू लागतो आणि बाहेरचा मात्र थंडच राहतो. त्या ओढाताणीत काच तडकते. तळाचे फडकेही त्याचसाठी, की तापलेल्या धातूचा चटका काचेला थेट बसू नये. पाणी उकळू लागल्यावर दहा मिनिटे थांबून त्यांनी आच बंद केली. पाणी निवल्यावर बरणी स्वच्छ कापडावर उलटी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कडक उन्हात वाळविली. झाकणही साबणाने धुऊन तिच्याशेजारी उन्हात ठेवले होते.

लिंबे धुऊन एकेक करून पुसायची, सुरी आणि पाट कोरडे हवेत, बी एकही राहता कामा नये, नाहीतर लोणचे कडू होते. हे सर्व आजी पायरीवर बसून सांगत होती. मीठ या खेपेस तराजूत तोलले गेले. हळद घालून फोडी बरणीत गेल्या. तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधला आणि बरणी रोज उन्हात बसू लागली. संध्याकाळी मुलगी झाकण लावून ती हलवी आणि आत घेई. पहिल्या दिवशी फोडी कोरड्या दिसत होत्या. चौथ्या दिवशी त्या आपल्याच रसात बुडाल्या. आठवड्याने साली मऊ पडू लागल्या. मग तिखट, साखर आणि भाजून कुटलेले जिरे त्यात पडले. त्यानंतरही आजीने बरणी तीन आठवडे हलू दिली नाही. मुलीला ते तीन आठवडे तीन महिन्यांसारखे वाटले.

मधल्या काळात तिचा उत्साह फार वाढला आणि बरणी दिसली, की तिच्यात काय भरावे हेच ती शोधू लागली. ओल्या नारळाची चटणी भरून शेजारी द्यावी, असे तिने सुचविले; आजीने ती त्याच दिवशी वाटीतून नेऊन द्यायला लावली. तेलात बुडविलेला ओला लसूण भरण्याचा बेत तर आजीने मुळातच मोडला. तसा लसूण बंद बरणीत तसाच बाहेर ठेवला, तर हवेवाचून वाढणारे बॉट्युलिनम नावाचे जंतू त्यात वाढू शकतात आणि त्यांचे विष प्राणघातक असते. त्याचा ना वास येतो, ना रंग बदलतो. मेतकूट, भाजणी, मोरावळा, लोणची हे बरणीचे खरे सोबती. ओले आणि नाशवंत ते तिचे नव्हेत.

अखेर जायचा दिवस ठरला. मुलीने कागदाची एक पट्टी कापून बरणीवर चिकटविली. “लिंबाचे लोणचे” असे लिहून तिने खाली तारीख घातली. आणखी खाली बारीक अक्षरांत लिहिले : “ओला चमचा घालू नये.” बांधण्यापूर्वी तिने कोरड्या चमच्याने एक फोड काढली आणि कोणी सांगितले नसताना आधी आपल्या पानात घेतली. मग आजीचे जुने लुगडे फाडून त्याच्या दोन घड्यांत बरणी गुंडाळली गेली आणि एसटीतून पुण्यापर्यंत वडिलांच्या मांडीवर बसून गेली.

त्या रात्री आत्याचा फोन आला. लोणचे कसे झाले, याविषयी ती फारसे बोललीच नाही. “वाळवायला किती दिवस लागले गं?” असे तिने विचारले आणि मुलगी पुष्कळ वेळ सांगत राहिली. पहिल्या बरणीचे काय झाले, तेही तिने सांगितले.

भरून आलेले भांडे रिकामे परत करू नये, असा मराठी घरांतील जुना रिवाज आहे. निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालून ते परत पाठवितात. चैत्र संपता संपता वडील पुन्हा पुण्याहून आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत तेच लुगड्याचे फडके होते. मुलीने ते सोडले. मधाची बरणी लख्ख धुऊन वाळविलेली होती आणि तिच्यात काठोकाठ मेतकूट भरलेले होते. कागदाची पट्टी आत्याने काढली नव्हती. “लिंबाचे लोणचे” या शब्दांवर एक रेघ ओढून शेजारी “मेतकूट” असे लिहिले होते. आणि मुलीच्या तारखेखाली आत्याच्या अक्षरात दुसरी तारीख होती. त्याखाली अजून दोनतीन ओळींपुरती जागा कोरी होती.

मुलीने झाकण उघडून वास घेतला. मेतकुटाचाच वास होता, लोणच्याचा नव्हता.

“आजी,” ती म्हणाली, “हे संपायला किती दिवस लागतील?”

आजीने चुलीवरच्या मऊ भाताकडे पाहिले आणि तिला तुपाची वाटी आणायला सांगितले.