कंपन्यांची नादारी : प्रादेशिक आकडे आणि त्यांच्या मर्यादा

एखाद्या जिल्ह्याची औद्योगिक प्रकृती कशी आहे, हे जाणून घेण्यासाठी नव्याने निघालेल्या कारखान्यांची संख्या जशी पाहिली जाते, तशी बुडालेल्या कंपन्यांची संख्याही पाहिली जाते. नियोजनाच्या दृष्टीने ही माहिती उपयुक्त आहेच. परंतु हे आकडे कोठून येतात, त्यांत कोणाची गणना होते आणि कोणाची होत नाही, हे ध्यानात न घेता त्यांवरून निष्कर्ष काढल्यास दिशाभूल होण्याचा संभव असतो.

आकडे कसे तयार होतात

नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 मधील कंपन्यांविषयीच्या तरतुदी 1 डिसेंबर 2016 पासून अंमलात आल्या. कंपनीने कर्ज किंवा देणे थकविले, म्हणजे धनकोला अथवा खुद्द कंपनीला राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीचा कारभार संचालक मंडळाकडून निराकरण व्यावसायिकाकडे जातो आणि वसुलीच्या इतर कारवाया स्थगित होतात. त्यानंतर कंपनी नव्या मालकाच्या हाती सोपविण्याची योजना मंजूर होते, आपसांत तडजोड होते, किंवा कंपनी समापनात निघते. या प्रकरणांची आकडेवारी भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ दर तिमाहीस प्रसिद्ध करते.

येथे पहिली गोष्ट लक्षात घ्यावयाची ती ही की, दाखल झालेले प्रकरण म्हणजे बंद पडलेला कारखाना नव्हे. या प्रक्रियेत धंदा चालू ठेवणे हाच मुख्य हेतू असतो. उलटपक्षी, ज्या कारखान्याचे दरवाजे कित्येक वर्षांपूर्वी बंद झाले, त्याचे प्रकरण आज दाखल होऊ शकते. म्हणून प्रकरणाचे वर्ष आणि धंदा बुडाल्याचे वर्ष एकच असेल असे नाही.

नोंदणीचे गाव व कारखान्याचे गाव

प्रादेशिक आकडेवारीतील सर्वांत मोठी अडचण संहितेच्या कलम 60 मधून निर्माण होते. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय जेथे असेल, त्या क्षेत्राच्या खंडपीठाकडेच प्रकरण चालते. कारखाना कोठे आहे, कामगार कोठे राहतात, याचा तेथे विचार नाही. भूषण स्टील या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. तिचे कारखाने ओडिशात मेरामंडली येथे, उत्तर प्रदेशात साहिबाबाद येथे आणि आपल्या रायगड जिल्ह्यात खोपोली येथे होते. पण जुलै 2017 मध्ये प्रकरण दाखल झाले ते दिल्लीस. मे 2018 मध्ये टाटा स्टीलने ही कंपनी घेतली. दिल्लीच्या हिशेबात एक प्रकरण वाढले. खोपोलीच्या वाट्यास आकड्यांत काहीच आले नाही. याच न्यायाने मुंबईत केवळ कार्यालय असलेल्या कंपनीचे प्रकरण मुंबईच्या खाती पडते, मग तिचा कारखाना परराज्यात का असेना.

खंडपीठाचे क्षेत्र आणि राज्याची सीमा यांतही फरक आहे. मुंबई खंडपीठाकडे महाराष्ट्राबरोबर गोवाही आहे. आरंभी छत्तीसगडही होते, ते पुढे कटक खंडपीठाकडे गेले. तेव्हा खंडपीठाचा आकडा हा राज्याचा आकडा मानणे बरोबर नाही. शिवाय नुसत्या संख्येवरून तुलना करणेही योग्य नव्हे. जेथे नोंदलेल्या कंपन्या अधिक, तेथे प्रकरणेही अधिक असणार. दर हजार कंपन्यांमागे किती प्रकरणे, असे प्रमाण काढले तरच तुलनेस काही अर्थ येतो.

कायदा बदलला की आकडा बदलतो

प्रारंभी एक लाख रुपयांच्या थकबाकीवर अर्ज करता येत असे. 24 मार्च 2020 रोजी ही मर्यादा एक कोटी रुपये करण्यात आली. कोविडच्या साथीमुळे 25 मार्च 2020 पासूनच्या एक वर्षातील थकबाकीसाठी अर्ज करण्यासही मनाई झाली. त्या काळात नव्या प्रकरणांची संख्या घटली, ती धंदे सुधारले म्हणून नव्हे. दाराची उंची बदलली, म्हणून आत येणारे कमी झाले.

जे मोजलेच जात नाहीत

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सहकारी साखर कारखाने व सूतगिरण्या या कंपन्या नसून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या संस्था आहेत. त्या अवसायनात निघाल्या तरी न्यायाधिकरणाच्या आकड्यांत त्यांचा उल्लेख येत नाही. ज्या तालुक्याचे अर्थकारण एका साखर कारखान्यावर उभे आहे, त्या तालुक्यात ही आकडेवारी कोरीच दिसेल. भागीदारीतील पेढ्या, एकमालकी दुकाने, छोटे कारखानदार हेही या हिशेबाबाहेर राहतात. धंदा गुंडाळून कंपनी निबंधकाच्या नोंदवहीतून नाव कमी करून घेणाऱ्या कंपन्याही यांत मोडत नाहीत. यास्तव शून्य आकडा म्हणजे सर्व काही आलबेल, असा अर्थ करू नये.

ग्रामपंचायतींनी घ्यावयाची काळजी

हा विषय केवळ अभ्यासकांचा नाही. कारखान्याची घरपट्टी व पाणीपट्टी थकलेली असते आणि कंपनीचे प्रकरण दूरच्या शहरात दाखल होते. प्रकरण दाखल झाल्यावर जाहीर सूचना निघते व धनकोंनी मुदतीत आपले दावे मांडावयाचे असतात. 2019 च्या दुरुस्तीने मंजूर योजना स्थानिक प्राधिकरणांवरही बंधनकारक असल्याचे स्पष्ट करण्यात आले. योजनेत समाविष्ट नसलेली पूर्वीची देणी मंजुरीनंतर संपुष्टात येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला. म्हणजे वेळीच दावा न केल्यास गावाच्या हक्काचा पैसा कायमचा बुडू शकतो. कामगारांनीही आपल्या थकीत वेतनाचे दावे असेच मांडणे अगत्याचे आहे.

यावरून काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. गावच्या हद्दीतील प्रत्येक कारखान्याच्या मालक कंपनीचे अचूक नाव व नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता कर आकारणी नोंदवहीत लिहून ठेवावा. वृत्तपत्रांतील व मंडळाच्या संकेतस्थळावरील जाहीर सूचना नियमित पाहाव्यात. जिल्हा पातळीवर अहवाल तयार करताना न्यायाधिकरणाच्या आकड्यांना कारखान्यांच्या नोंदी, वीजजोडण्यांची माहिती आणि सहकार खात्याकडील अवसायनाच्या याद्या यांची जोड द्यावी. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना आपल्या परिसरातील उद्योगांची अशी नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल.

आकडे खोटे नसतात; पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर देतात, तो प्रश्न आपण विचारलेला असतोच असे नाही. नादारीचे आकडे न्यायाधिकरणाच्या कामाचा हिशेब देतात. गावाच्या रोजगाराचा हिशेब मात्र गावानेच ठेवावयास हवा.