नोंदवही संगणकात जाते तेव्हा : पीएचपीमायअ‍ॅडमिनचा प्राथमिक परिचय

कागदाच्या नोंदवहीचा एक मोठा गुण असा की, तिच्यातील चूकही टिकून राहते. लिपिकाने एखादी नोंद खोडली तरी तांबड्या शाईच्या रेघेखाली जुना आकडा वाचता येतो, बाजूला आद्याक्षरी असते, आणि दहा वर्षांनी तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास काय बदलले व कोणी बदलले हे उमगते. संगणकातील नोंदसंग्रहात हा गुण आपोआप येत नाही. तेथे जुन्या आकड्याच्या जागी नवा बसला की जुना नाहीसा होतो. मागे रेघही उरत नाही. ग्रंथालये, शाळा व सहकारी संस्था यांच्या नोंदी आता अशा संग्रहांत जात आहेत. म्हणून ते हाताळण्याचे एक प्रचलित साधन आणि ते हाती घेताना बाळगावयाची सावधगिरी, ह्या दोहोंचा परिचय येथे एकत्रच करून देण्याचे योजिले आहे.

हे साधन म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिन. टोबियास राटशिलर ह्या तंत्रज्ञाने १९९८ साली ते लिहावयास घेतले. पुढे वेळेअभावी त्यांनी काम थांबविले, तेव्हा २००१ मध्ये तिघा जणांनी ते अंगावर घेतले. ते विनामूल्य मिळते आणि संगणकावरील नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडते. नोंदी मात्र ह्या साधनात नसतात. त्या मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी ह्या प्रणालीत असतात. (ही दोन्ही नावे मिकाएल विडेनियस ह्या निर्मात्याच्या मुलींची आहेत, थोरली माय, धाकटी मारिया.) साधन ही केवळ त्या कोठाराची खिडकी. खिडकी काढून टाकली तरी कोठारातील धान्य जात नाही. उलट खिडकीतून हात घालून जे करावे ते प्रत्यक्ष धान्यावरच घडते.

सरावासाठी चालू कामाच्या नोंदी कधीही घेऊ नयेत. झॅम्प नावाचा विनामूल्य संच आपल्या संगणकावर बसविला की मारियाडीबी व पीएचपीमायअ‍ॅडमिन ही दोन्ही एकदम मिळतात. संचाच्या नियंत्रण-फलकावरून अपाची व मायएसक्यूएल ह्या दोन सेवा सुरू कराव्यात आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, तिरपी रेघ व साधनाचे नाव लिहावे. पडद्याच्या डाव्या अंगास संग्रहांची यादी दिसते, तर उजवीकडे वरच्या पट्टीत कामांची नावे. यादीत मायएसक्यूएल, इन्फर्मेशन स्कीमा अशा नावांचे जे संग्रह आधीपासून असतात, ते प्रणालीचे स्वतःचे होत. त्यांना हात लावू नये.

उदाहरणादाखल एका लहान ग्रंथालयाचा संग्रह घेऊ. डेटाबेस म्हणजे कपाट, टेबल म्हणजे त्यातील एक वही, वहीचे रकाने म्हणजे कॉलम आणि प्रत्येक नोंद म्हणजे एक ओळ. ग्रंथालयास तीन वह्या पुरतात : सभासद, ग्रंथ आणि देवघेव. देवघेवीच्या वहीत सभासदाचे नाव व पुस्तकाचे शीर्षक पुन्हा लिहावयाचे नसते. तेथे केवळ सभासद क्रमांक, दाखल क्रमांक आणि तारखा येतात. नाव एकाच ठिकाणी राहिले म्हणजे पत्ता बदलल्यावर तो एकाच ठिकाणी दुरुस्त करावा लागतो. वह्या अशा परस्परांशी जोडण्याचा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला, आणि त्याच पायावर ह्या प्रणाली उभ्या आहेत.

प्रत्येक वहीस एक रकाना असा हवा की, ज्यातील मूल्य दोन ओळींत कधीही सारखे येणार नाही. त्यास प्रायमरी की म्हणतात. एका गावात एकाच नावाचे दोन सभासद असणे मुळीच नवलाचे नाही, आणि एकाची नोंद काढताना दुसऱ्याचीही गेली तर ती चूक पुढे कितीतरी दिवस लक्षात येत नाही. अशी की नसेल व निराळी ओळख पटविणारा दुसरा रकानाही नसेल, तर पीएचपीमायअ‍ॅडमिन ओळीशेजारच्या दुरुस्तीच्या व काढून टाकण्याच्या खुणा देतच नाही. ही ओळ नेमकी कोणती हे त्यास सांगता येत नाही. नवशिक्यास तो साधनातील दोष वाटतो. वस्तुतः तो वहीच्या रचनेतील दोष असतो.

रकान्याचा प्रकार ठरविताना मराठी माणसास काही गोष्टी मुद्दाम ध्यानात ठेवाव्या लागतात. संग्रह निर्माण करतानाच अक्षरसंच यूटीएफ-८ एमबी-४ असा निवडावा. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीपूर्वी न सांगता मिळणारा संच पाश्चात्त्य युरोपीय लिपीचा होता, व त्याची वर्णानुक्रमाची रीत स्वीडिश होती. अशा वहीत देवनागरी नाव घातले तर ते एकतर नाकारले जाते, नाहीतर त्याच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. एकदा प्रश्नचिन्ह झालेले नाव पुन्हा वाचता येत नाही. रकान्याची लांबीही सढळ ठेवावी. ‘श्रीकृष्ण’ हे नाव आपण तीन अक्षरी समजतो, पण संगणक काना-मात्रा व हलन्त चिन्ह वेगळे मोजत असल्याने त्याच्या लेखी ती नऊ वर्णचिन्हे होतात आणि साठवणीत सत्तावीस बाइट लागतात. तीस चिन्हांचा रकाना संपूर्ण नावास अपुरा पडतो, दीडशे द्यावीत. संख्येच्या रकान्यात देवनागरी अंक चालत नाहीत, तेथे इंग्रजी अंकच टंकावे लागतात. दूरध्वनी क्रमांकासारख्या, ज्यांची बेरीज कधी करावयाची नाही अशा आकड्यांसाठी संख्येचा रकाना नकोच. त्यात आरंभीचे शून्य गळून पडते. तारीख वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमाने द्यावी. जुन्या टंकांतून तयार झालेल्या याद्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्याखेरीज आत घेऊ नयेत. पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसेल.

इन्सर्टने नोंद घालावी, ब्राउझने पाहावी, सर्चने शोधावी. ही कामे एका दुपारीत हाती बसतात. त्याहून मोलाची गोष्ट निराळी आहे. आपण खूण दाबून केलेल्या बहुतेक कामांची आज्ञा हे साधन एसक्यूएल भाषेत पडद्यावर लिहून दाखविते. सिलेक्ट म्हणजे काय हवे, फ्रॉम म्हणजे कोणत्या वहीतून, व्हेअर म्हणजे कोणत्या अटीवर. दररोज त्या ओळी वाचण्याची सवय ठेवली तर वेगळ्या शिकवणीवाचून भाषेचा पाया तयार होतो.

ह्यांतील व्हेअर हा शब्द सर्वांत जपून वापरावयाचा. एका सभासदाचा पत्ता बदलण्यासाठी अपडेटची आज्ञा लिहिली व अट राहून गेली, तर वहीतील प्रत्येक सभासदास तोच पत्ता चिकटतो. डिलीटच्या आज्ञेत अट राहिली तर वही रिकामी होते. साधनात परत फिरण्याची कळ नाही. अशा आज्ञांसाठी सिम्युलेट क्वेरी नावाची एक सोय आहे. ती प्रत्यक्ष बदल न करता किती ओळींवर परिणाम होईल ते सांगते. एक ओळ अपेक्षित असताना आकडा आठशे आला, तर हात तेथेच थांबवावा. हीच गोष्ट एम्प्टी व ड्रॉप ह्या शेजारी असणाऱ्या दोन खुणांची. पहिलीने वहीतील सर्व नोंदी जातात व कोरी वही उरते. दुसरीने वहीच जाते. दोन्ही वेळी साधन एकदा विचारते, परंतु सवयीने ओके दाबणाऱ्या बोटास तो प्रश्न वाचण्याची फुरसत नसते.

म्हणून एक्स्पोर्ट हा धडा खरे तर पहिला असावयास हवा. डावीकडून संग्रह निवडावा, एक्स्पोर्ट दाबावे, प्रकार एसक्यूएल ठेवावा. सर्व वह्यांची रचना व नोंदी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतात. पुष्कळ जण येथेच निश्चिंत होतात. प्रत घेतली आणि ती पुन्हा उघडता येते ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निराळ्या नावाचा कोरा संग्रह करून ती फाइल त्यात इम्पोर्ट करावी, प्रत्येक वहीतील ओळींची संख्या मूळ संग्रहाशी ताडून पाहावी, आणि मधली पाच-सहा मराठी नावे नीट वाचता येतात काय हे डोळ्यांनी तपासावे. फाइल मोठी असेल तर ती आत जाणे नाकारले जाण्याचा संभव असतो, कारण पीएचपीची मूळ मर्यादा अवघी दोन मेगाबाइटची आहे. ती वाढवून घेण्याचे काम संकटाच्या दिवशी नव्हे, तर आधीच उरकावे. प्रत त्याच संगणकावर ठेवून उपयोग नाही, हे सांगावयास नकोच.

राहिला प्रश्न अधिकारांचा. झॅम्पमध्ये रूट हे सर्वाधिकारी खाते आरंभी संकेतशब्दाविना असते, आणि साधन काही न विचारता उघडते. घरच्या सरावास ते ठीक; इंटरनेटवर उघड्या असलेल्या संगणकावर मात्र घराचे दार काढून ठेवण्यासारखे आहे. तेथे भक्कम संकेतशब्द हवा, साधनाची आवृत्ती अद्ययावत हवी, आणि शक्यतो ते ठरावीक संगणकांवरूनच उघडावे. देवघेव पाहणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी यूजर अकाउंट्समधून वेगळे खाते करावे व त्यास केवळ सिलेक्ट, इन्सर्ट आणि अपडेट एवढेच अधिकार द्यावेत. डिलीट व ड्रॉप देऊ नयेत. ह्यात कोणावर अविश्वास नाही, रोखपालासही तिजोरीची एकच किल्ली दिलेली असते. रूटचा संकेतशब्द मोहोरबंद लिफाफ्यात घालून संस्थेच्या किल्ल्यांबरोबर ठेवावा, व जबाबदार व्यक्तीची बदली झाली की कार्यभार सोपविण्याच्या यादीत त्याचीही नोंद करावी.