अमेरिकेत मेडिकलचा अर्ज भरताना जुन्या शिक्षेचा खुलासा

अमेरिकेतील बहुतेक एम.डी. कॉलेजांचे प्रवेशअर्ज ‘ॲमकॅस’ या एकाच सेवेमार्फत जातात. ती सेवा तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना, एएएमसी, चालवते. ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजांसाठी आणि टेक्सासच्या सरकारी कॉलेजांसाठी वेगळ्या सेवा आहेत. ॲमकॅसच्या अर्जात गुण, अनुभव आणि निबंध यांच्याबरोबर काही थेट प्रश्न असतात. अर्जदार कधी फेलनीत, म्हणजे गंभीर गुन्ह्यात, दोषी ठरला आहे का? मिसडिमीनरमध्ये, म्हणजे त्याखालच्या गुन्ह्यात, दोषी ठरला आहे का? आणि शिकत असताना कॉलेजने त्याच्यावर कधी कारवाई केली आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर खुलाशासाठी सुमारे १,३२५ अक्षरांची जागा मिळते.

या प्रश्नांपाशी अडखळणारे बहुतेक अर्जदार सराईत गुन्हेगार नसतात. एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी दारू बाळगणे, वय वाढवून दाखवणारे खोटे ओळखपत्र, दुकानातून उचललेली वस्तू, पार्टीतली मारामारी, दारू पिऊन गाडी चालवणे अशी ही प्रकरणे असतात. घटना अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीची असते आणि अर्ज तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी भरला जातो. मधल्या काळात नेमके काय घडले होते याची आठवण पुसट होते. दंड भरला आणि सुटलो एवढेच लक्षात राहते. पण दंड भरताना गुन्हा कबूल केला गेला असेल, तर कायद्याच्या नजरेत अर्जदार दोषी ठरला असण्याचीच शक्यता जास्त. ‘नो कॉन्टेस्ट’ म्हणजे आरोप न नाकारता शिक्षा स्वीकारणे. अर्जाच्या दृष्टीने तेही कबुलीसारखेच धरले जाते.

म्हणून अर्जाला हात लावण्याआधी कागद मिळवावेत, आठवणीवर विसंबू नये. ज्या कोर्टात प्रकरण चालले तिथून निकालाची प्रमाणित प्रत मागवता येते. बोटांचे ठसे आणि १८ डॉलर भरले की एफबीआयकडून स्वतःच्या नावावरची नोंद कोणालाही मिळते. राज्याच्या पोलिसांकडची नोंद वेगळी असते, तीही पाहावी. राज्यागणिक कायद्याची भाषा बदलते, आणि मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेले न्यू जर्सी याचे चांगले उदाहरण आहे. तिथे फेलनी आणि मिसडिमीनर हे शब्दच कायद्यात वापरले जात नाहीत. त्यांच्या जागी वेगळी वर्गवारी आहे. बहुतेक राज्यांत दारू पिऊन गाडी चालवणे हा गुन्हा असतो, न्यू जर्सीत ते वाहतूक नियमांचे उल्लंघन मानले जाते. अशा नोंदीला ॲमकॅसच्या कोणत्या प्रश्नाखाली धरायचे हे ओळखीच्या दादाने सांगू नये. त्या राज्यातल्या फौजदारी वकिलाला तासाभराचे पैसे देऊन विचारावे आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

सर्वांत जास्त गोंधळ पुसलेल्या नोंदींबाबत होतो. ॲमकॅसच्या सूचनांनुसार कोर्टाने एक्स्पंज केलेली, म्हणजे पुसून टाकलेली, किंवा सीलबंद केलेली शिक्षा गुन्ह्याच्या प्रश्नात सांगावी लागत नाही. बालगुन्हेगार म्हणून झालेला निकालही त्यात धरला जात नाही. कायद्याने दिलेली ही सवलत घेण्यात काही गैर नाही. जे विचारलेलेच नाही ते सांगितले नाही म्हणून कोणी खोटा ठरत नाही. कॉलेजच्या कारवाईचा नियम मात्र नेमका उलटा आहे. कॉलेजने ती नोंद गुणपत्रकावरून काढून टाकली असली, मुळात तिथे कधी आलीच नसली, तिच्यामुळे शिक्षणात एक दिवसाचाही खंड पडला नसला, तरी ती सांगावीच लागते.

या दोन नियमांची गाठ एकाच रात्रीच्या घटनेत पडते. वसतिगृहाच्या खोलीत दारू सापडते, आवारातले पोलीस समन्स देतात आणि दुसऱ्या दिवशी डीनच्या कार्यालयातून ताकीद येते. वर्षभराने कोर्ट नोंद पुसते. विद्यार्थ्याला वाटते की सगळेच पुसले गेले. गुन्ह्याच्या प्रश्नाला तो ‘नाही’ लिहितो, ते बरोबर असते. त्याच भरात कारवाईच्या प्रश्नालाही ‘नाही’ लिहितो, आणि तिथे चुकीचे उत्तर नोंदले जाते. किरकोळ ताकीद लपवल्याने झालेले नुकसान पाहिले की फार वाईट वाटते, कारण ती दोन ओळींत सांगितली असती तर बहुतेक समित्यांनी तिच्याकडे फारसे लक्षही दिले नसते. कारवाई झाली होती की नुसती तोंडी समज मिळाली होती अशी शंका असेल, तर ज्या कॉलेजात घटना घडली तिथल्या विद्यार्थी-शिस्त विभागाकडून आपली फाइल मागवून पाहावी.

ॲमकॅसनंतर प्रत्येक कॉलेजचा स्वतंत्र दुय्यम अर्ज येतो. त्यातला प्रश्न वेगळ्या शब्दांत, अनेकदा जास्त व्यापक असतो. एखादे कॉलेज प्रलंबित खटल्याबद्दल विचारते, एखादे नुसत्या अटकेबद्दल. आधीच्या अर्जातले उत्तर उचलून इथे चिकटवणे धोक्याचे आहे. प्रत्येक प्रश्न शब्दशः वाचून त्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. अर्ज पाठवल्यानंतर नवी शिक्षा झाली किंवा कॉलेजने कारवाई केली, तर कामाच्या १० दिवसांत संबंधित कॉलेजांना कळवण्याचे बंधन अर्जदाराने सहीनिशी स्वीकारलेले असते.

खरी पडताळणी प्रवेश मिळाल्यावर होते. सशर्त प्रवेशपत्र हाती पडल्यानंतर देशभरातल्या नोंदींची तपासणी केली जाते. तिचा अहवाल आधी अर्जदाराला दाखवला जातो आणि त्यात चूक असेल तर हरकत घेण्यासाठी १० दिवस मिळतात. मग तो कॉलेजकडे जातो. नाव-आडनावाच्या गोंधळामुळे दुसऱ्याची नोंद आपल्या नावावर येण्याचे प्रकारही होतात, म्हणून हे दिवस वाया घालवू नयेत. अर्जातले ‘नाही’ आणि अहवालातली नोंद जुळली नाही, की प्रश्न जुन्या घटनेचा राहत नाही. दिलेला प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो. शिक्षण सुरू झाल्यावर उघडकीस आले तर विद्यार्थ्याला काढून टाकता येते.

कागदावरची खोटी नोंद किती महाग पडते हे दाखवणारे स्वीडनमधले एक प्रकरण जगभर गाजले. २००७ साली कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळालेला एक विद्यार्थी खुनाची शिक्षा भोगलेला आहे, हे प्रवेशानंतर उघड झाले. शिक्षेवरून काढून टाकण्याचा आधार संस्थेला सापडेना. २००८च्या जानेवारीत त्याला काढले ते शाळेच्या गुणपत्रकावर नाव बदलल्याच्या कारणावरून. इतका भयंकर गुन्हा असूनही कागदोपत्री निर्णायक ठरला तो कागदातला फेरफार.

अमेरिकेत एका शिक्षेमुळे मेडिकलचे दार सरसकट बंद होईल असा देशव्यापी नियम नाही. प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते. पाहिले जाते ते गुन्ह्याचे स्वरूप, तेव्हाचे वय, मध्ये गेलेला काळ आणि पुन्हा तसे घडले का. एकदा दारू पिऊन गाडी चालवणे आणि दोनदा चालवणे यांत फार अंतर आहे. दुसरी घटना व्यसनाची शंका निर्माण करते. चोरी, फसवणूक, हिंसा, लैंगिक गुन्हे आणि अमली पदार्थांची विक्री यांचे वजन सर्वांत जास्त, आणि त्यामागे ठोस कारण आहे. डॉक्टरच्या हाती रुग्णाचे शरीर, नियंत्रित औषधे आणि सरकारी पैसा येतो. आरोग्यसेवेतली फसवणूक, रुग्णाचा छळ किंवा नियंत्रित औषधांच्या बेकायदा वितरणाची फेलनी सिद्ध झाल्यास मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनांमधून किमान ५ वर्षे बाद करण्याची तरतूद संघराज्याच्या कायद्यात आहे. तसा डॉक्टर बहुतेक रुग्णालयांना नोकरीवर ठेवताच येत नाही.

खुलासा लिहिताना आधी वस्तुस्थिती यावी: तारीख, ठिकाण, काय केले, कोणता आरोप, काय निकाल, कोणती शिक्षा आणि ती कधी पूर्ण झाली. त्यानंतर पुढच्या वर्षांत काय बदलले ते, दाखवता येईल अशा गोष्टींतून. ‘मित्रांनी आग्रह केला’, ‘पोलिसाने मुद्दाम अडकवले’ ही वाक्ये खरी असली तरी नुकसान करतात, कारण वाचणारा जबाबदारी शोधत असतो. कोर्टात कबूल केलेली गोष्ट अर्जात नाकारणे त्याहून वाईट. पश्चात्तापाचे मोठमोठे शब्दही नकोत. व्यसनमुक्तीचा पूर्ण केलेला कार्यक्रम किंवा सलग केलेले काम एका साध्या वाक्यात पुरते. मुलाखतीत विषय निघाला तर तेच, त्याच क्रमाने, शांतपणे सांगावे. शिफारसपत्र देणाऱ्या एका तरी प्राध्यापकाला सगळे आधीच सांगितलेले असावे.

मराठी घरांत पोलीस प्रकरण जवळच्या नातेवाइकांपासूनही लपवले जाते. वकिलाचे पैसे भरून आई-वडील मुलाला बजावतात, ‘याचा उल्लेख पुन्हा कुठे करायचा नाही.’ यामागे माया असते, पण अर्जाच्या वेळी हाच सल्ला मुलाच्या अंगलट येतो. ग्रीन कार्डावर असलेल्या कुटुंबांना आणखी एक धोका आहे. इमिग्रेशन कायद्यात दोषी ठरण्याची व्याख्या स्वतंत्र आणि जास्त व्यापक आहे. गुन्हा कबूल केला आणि काही बंधन घातले गेले, तर राज्याच्या कोर्टाने निकाल राखून ठेवला तरी ती शिक्षा धरली जाते, आणि नंतर नोंद पुसल्याचा तिथे सर्वसाधारणपणे उपयोग होत नाही. म्हणून मुलाने कोर्टात काहीही कबूल करण्याआधी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाचाही सल्ला घ्यायला हवा.

प्रवेशानंतरही हे प्रश्न पुन्हा येतात: रेसिडेन्सीच्या अर्जात, राज्याच्या परवान्यासाठी, नियंत्रित औषधे लिहिण्याच्या नोंदणीसाठी, प्रत्येक नव्या रुग्णालयात. काही राज्यांची परवाना मंडळे बोटांचे ठसे घेतात आणि पुसलेल्या नोंदीबद्दलही विचारतात. ॲमकॅसला जे सांगावे लागले नव्हते ते तिथे सांगावे लागू शकते. निकालाची प्रमाणित प्रत, शिक्षा पूर्ण झाल्याचा दाखला, वकिलाचे पत्र आणि प्रत्येक अर्जात लिहिलेल्या उत्तराची प्रत एका फाइलमध्ये कायम जपून ठेवावी. जुन्या केसेसची कागदपत्रे अनेक कोर्टांत ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात.