चांदवेल, सोमवल्ली आणि पारदबंधन

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा जलाशयाच्या परिसरात वनस्पतिनिरीक्षणासाठी गेलो असता एका अंगणाच्या कुंपणावर सायंकाळी उमललेली चांदवेल आमच्या पाहण्यात आली. सोबतचे एक वैद्यबंधू म्हणाले, "हीच सोमवल्ली. हिच्या रसाने पारद बद्ध होतो." पारदकल्प करणाऱ्या औषधशाळांनी या समजावर विसंबू नये, म्हणून हे टिपण.

भ्रम का होतो, हे उघड आहे. वेल आहे, दुधाळ चीक आहे, शुभ्र फूल रात्री उमलून सकाळी मिटते. परंतु सुश्रुताने चिकित्सास्थानात वर्णिलेल्या सोमास कंद असतो. शुक्लपक्षात त्याला रोज एक पान येते आणि कृष्णपक्षात रोज एक गळते. चांदवेलीत यांपैकी काहीही नाही. शिवाय ही वेल (आयपोमिया अल्बा) मूळची अमेरिका खंडातील. रसग्रंथकारांच्या दिव्यौषधींत ती असणे शक्यच नाही.

गंमत अशी की, या वेलीचा खरा संबंध पारदाशी नसून गंधकाशी आढळतो. प्राचीन मेक्सिकोतील लोक रबराच्या चिकात हिचा रस मिसळून चिवट चेंडू बनवीत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात त्या रसात गंधकयुक्त संयुगे आढळल्याचे नमूद आहे. गुडइयर यांनी गंधकाने रबर पक्के केले ते १८३९ मध्ये!

पारदाला आवरणाराही गंधकच. त्यासाठी चांदवेलीची गरज नाही. वजनाने सुमारे २०० भाग पाऱ्यास ३२ भाग गंधक पुरतो. म्हणजे समभाग कज्जलीत तो गरजेच्या सहापट असतो. तरीही मर्दन कमी पडले तर पारा मुक्त राहतो. म्हणून तर निश्चंद्रत्वाची परीक्षा. चिमूटभर कज्जली पाण्याच्या थेंबासह बोटावर चोळून उन्हात पाहावी. एकही चकाकणारा कण दिसता कामा नये. अर्थात डोळ्यास न दिसणारा पारा याने कळत नाही. मुक्त पाऱ्यासाठी प्रत्येक घाणीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, आणि खरेदीच्या नोंदवहीत 'सोमवल्ली' एवढेच न लिहिता वनस्पतीचे शास्त्रीय नावही लिहून घ्यावे.