हिवाळा, सायकल आणि शरीरस्वास्थ्य

आपल्या खानदेशात सायकलस्वारास खऱ्या अर्थाने अनुकूल असा ऋतू एकच, आणि तो म्हणजे हिवाळा. वैशाखात जळगावचे उष्णमान ४५ अंशांच्या घरात जाते, तेव्हा दुपारी रस्त्यावर निघणे धोक्याचे असते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांत असा भरतो की सायकल ढकलणेही कठीण व्हावे. कार्तिकापासून माघापर्यंत मात्र रस्ते कोरडे, आकाश निरभ्र व हवा उत्साहवर्धक असते. असे असता, नेमक्या याच दिवसांत पुष्कळ विद्यार्थी थंडीचे निमित्त करून सायकल कोपऱ्यात ठेवतात आणि मोटारसायकलीवर मागे बसून शाळेत येतात. हे म्हणजे वाफसा आला असता शेत पडीक टाकण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे.

थंडीस भिण्यापूर्वी तिचे कार्य समजून घ्यावे. गारठ्यात त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे हातापायांची बोटे प्रथम बधिर होतात व ब्रेक दाबण्यास विलंब लागतो. शिवाय सायकलस्वार स्वतःच वारा उत्पन्न करीत असतो. उष्णमान १० अंश असता ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेस सुमारे ७ अंशांचा गारठा जाणवतो. यास्तव प्रथम हात, कान व छाती झाकावी. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे. कारण त्यांच्यामध्ये कोंडलेली हवाच ऊब राखते. छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची जुन्या सायकलस्वारांची युक्ती बिनखर्चाची व गुणकारी आहे. घामाने भिजलेला सुती कपडा मात्र अंगावर वाळू देऊ नये.

निघताच वेग घेऊ नये. पहिली दहा मिनिटे सावकाश चालवावे, म्हणजे स्नायू व गुडघे तापतात. सीट इतकी उंच असावी की पॅडल खाली गेले असता गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट फार खाली असल्यास गुडघ्यांवर अकारण ताण पडतो. श्वास नाकाने घ्यावा. ज्यांस दम्याचा विकार आहे त्यांनी तोंडावर रुमाल बांधावा व वैद्यकीय सल्ल्याने चालावे.

थंडीत तहान कमी लागते, परंतु घाम व श्वास यांवाटे पाणी जातच असते. म्हणून तहान नसली तरी पाणी प्यावे. आहाराविषयी आपणांस दूर जावयास नको. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि तीळगूळ हा आपला हिवाळी आहार सायकलस्वारास उत्तम होय.

सर्वांत मोठे संकट थंडीचे नसून अंधाराचे आहे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. पहाटे कापूस वा केळी वाहणारी वाहने रस्त्यावर असतात, आणि काहींच्या मागे दिवा नसतो. ज्या मुली ग्रामीण भागातून शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात मिळालेल्या सायकलींवर शाळेत येतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न व्यायामाचा नव्हे, शिक्षणाचाच आहे. म्हणून पुढे दिवा, मागे लाल परावर्तक व अंगावर फिकट रंगाचा कपडा असल्यावाचून कोणीही उजाडण्यापूर्वी निघू नये. सोबतीने, परंतु एकामागे एक असे चालावे. बाभळीच्या काट्यांकरिता पंक्चरचे साहित्यही जवळ असावे.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. असा पराक्रम प्रत्येकाच्या हातून घडणार नाही, व घडण्याची आवश्यकताही नाही. जागतिक आरोग्य संघटना मुलामुलींसाठी दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सांगते. ज्याचे गाव शाळेपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे, त्याचा बहुतेक व्यायाम जाण्यायेण्यातच पुरा होतो. शरीर ही परमेश्वराने आपणांकडे सोपविलेली ठेव आहे. हिवाळ्याच्या चार महिन्यांत नियमाने तिची जोपासना करावी, म्हणजे हृदय व फुप्फुसे बळकट होतील, अभ्यासास उत्साह राहील, आणि लागलेली सवय पुढील ऋतूंतही आपणांस सहसा सोडणार नाही.